दिवा लागण्याआधीच आम्हाला निघावं लागतं: दीपस्तंभ महासंचालनालयाला खान्देशातून खुलं पत्र

प्रति,
मा. महासंचालक, दीपस्तंभ आणि दीपपोत महासंचालनालय, नोएडा
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. मागणी आधी मांडते, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायला सवड झाली नाही तरी ती आपल्यापर्यंत पोहोचेल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची जी जुनी दीपगृहं लोकांना पाहायला खुली आहेत, त्यांतल्या निदान तीन-चार ठिकाणी रात्रीच्या मुक्कामाची सोय करा. साधी खोली, स्वच्छ संडास-न्हाणी, प्यायचं पाणी, आणि एसटीनं येणाऱ्या माणसाला परवडेल असं भाडं. मुक्कामाला आलेल्यांना दिवा लागताना मनोऱ्याजवळ उभं राहू द्या. एवढंच मागणं आहे.

खान्देशातल्या बाईला दीपगृहाचं काय पडलंय, असं मला शाळेतल्या सहकाऱ्यांनीही विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तापी आमच्या शिवारातून वाहते आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. पण नदीच्या त्या टोकापर्यंत जाऊन आलेला माणूस आमच्या गावांत शोधावा लागतो. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र मोबाईलवरच पाहिलेला असतो. भरती-ओहोटीचा धडा मी फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढून शिकवते, मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण पाणी खरोखर मागं जातं आणि परत येतं, हे त्यांच्या अंगात उतरत नाही.

तरीही समुद्राशी आमचं नातं जुनं आहे, आणि दीपगृहांशीही. मोगल काळात सुरत ते बऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी रस्ता नंदुरबार, थाळनेरवरून जायचा. इथला माल त्या रस्त्यानं सुरतेच्या बंदराला लागायचा. पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि खान्देशातल्या कापसाच्या गाठी आगगाडीनं मुंबई बंदराला जाऊ लागल्या. आता किनाऱ्यावरच्या तारखा पाहा. अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह 1867 चं. रत्नागिरीला भगवती किल्ल्याजवळचं दीपगृहही 1867 चं. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला. 1875 मध्ये कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर प्राँग्जचा मनोरा उभा राहिला. दीपगृहं आमच्या कापसासाठी बांधली, असा माझा दावा नाही. पण आमच्या पणजोबांनी वेचलेला कापूस घेऊन जी जहाजं रात्री मुंबईबाहेर पडली, त्यांनी हेच दिवे पाहून वाट धरली. तो कापूस पिकवणाऱ्यांच्या पतवंडांना हे दिवे जवळून पाहावेसे वाटले, तर त्यात नवल काय?

आणखी एक गोष्ट. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत आमच्या शेजारचा बागलाणातला साल्हेर आहे आणि समुद्रातला खांदेरीही आहे. साल्हेर आम्ही चढतो. 1672 ची लढाई कुठल्या बाजूला झाली असेल, हे मुलं माथ्यावरून हात करून दाखवतात. खांदेरीबद्दल मात्र त्यांना एवढंच ठाऊक असतं की तो कुठंतरी पाण्यात आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं तटबंदी घालायला सुरुवात केली, इंग्रज आणि सिद्दी दोघंही आडवे आले, तरी काम थांबलं नाही. त्याच बेटावर आज कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं दीपगृह आहे. किल्ला आणि दिवा एकाच खडकावर. इतिहासाचा आणि भूगोलाचा तास एकत्र घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता मूळ अडचणीकडे येते. आपली जी दीपगृहं लोकांसाठी उघडी असतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दुपारी उशिरा दार उघडतं आणि सूर्यास्ताच्या आधी बंद होतं. तिकीट अगदी स्वस्त असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तिथले कर्मचारीही मनापासून माहिती देतात, निदान आम्हाला तरी तसाच अनुभव आला. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईला किल्ल्याची वाटच दीपगृहाच्या आवारातून जाते, त्यामुळे किल्ला बघायला आलेला माणूस आपसूक दीपगृहही बघतो, ही फार छान सोय आहे. पण वेळ अशी ठेवली आहे की दिवा लागलेला कुणालाच दिसू नये.

आमची सहल एसटीच्या प्रासंगिक करारावर निघते. शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, म्हणून तर शेतमजुरांची मुलंही येऊ शकतात. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याच्या पिठाची पिशवी. रात्रभर प्रवास, सकाळी किनारा, दुपारी किल्ला. अशाच एका सहलीत आम्ही एका दीपगृहाशी पोहोचलो तेव्हा वेळ संपत आली होती. तुकड्या पाडून मुलांना वर नेलं. गोल जिना, वर लोखंडी शिडी, मग सज्जा. मुलं हरखून गेली होती. खाली आल्यावर दार लागलं, आम्ही बसकडे निघालो, आणि आठवीतल्या एका मुलीनं मला अहिराणीत विचारलं, ‘मॅडम, दिवा ते रातले लागस ना? मंग आपुन दिनले काबर उनूत?’

दिवा तर रात्री लागतो, मग आपण दिवसा का आलो? मी तिला वेळापत्रक सांगितलं, बसच्या चालकाच्या ड्युटीचे तास सांगितले, मुक्काम तिथून दोन तासांवर आहे हे सांगितलं. सगळं खरं होतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तो आपल्याकडे पाठवते आहे.

दिवसा वर गेलेल्या माणसाला काय दिसतं, याचा विचार करा. मोठ्या भिंगाला दिवसा पडदा ओढून ठेवायचा, असा दीपगृहांचा पूर्वापार रिवाज आहे. कारण भिंग दोन्ही बाजूंनी काम करतं: रात्री आतला प्रकाश गोळा करून बाहेर फेकतं, तर दिवसा बाहेरचं ऊन गोळा करून आत आणतं, आणि त्या एकवटलेल्या उन्हानं दिव्याचं नुकसान होऊ शकतं, आगही लागू शकते. म्हणजे दिवसा येणाऱ्याच्या वाट्याला बऱ्याचदा पडदाच येतो. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1820 च्या दशकात हे भिंग घडवलं. 1823 मध्ये ते फ्रान्सच्या कॉर्दुआन दीपगृहात बसवलं गेलं. एक जाडजूड काचगोळा करण्याऐवजी त्यानं काचेच्या कड्या एकाभोवती एक अशा रचल्या, की प्रत्येक कडी आपल्या वाट्याचा प्रकाश वळवून क्षितिजाच्या दिशेनं सरळ पाठवते. हे मी वर्गात आकृती काढून सांगते. पण काळोखात, त्या कड्यांमधून निघालेला झोत समुद्रावरून फिरताना दिसला, तर पुन्हा आकृती काढावी लागणार नाही.

पूर्वी ही अवाढव्य भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवलेली असत, म्हणजे बोटानं ढकलली तरी फिरावीत. ती फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा असे. मनोऱ्याच्या पोकळीतून जड वजन हळूहळू खाली उतरायचं, आणि ते तळाला पोहोचण्याआधी रक्षकानं हँडल फिरवून पुन्हा वर चढवायचं. रात्रभर, दर काही तासांनी. ज्योत रॉकेलची. वाफ झालेलं रॉकेल जाळीच्या मँटलमध्ये जळायचं. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांचंही हेच तत्त्व. हे सांगितलं की आमची म्हातारी माणसं लगेच मान डोलवतात, कारण बत्तीत हवा भरणं, मँटल फुटू न देणं, हे त्यांनी स्वतः केलेलं असतं. आज बटण आहे, वीज आहे, बरंच काम आपोआप होतं. पण ज्यांनी शेवटची वजनं चढवली, बत्त्या पुसल्या, पावसाळ्यात वादळी रात्री जागून काढल्या, त्यांच्यातले काही जण अजून असतील. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा, अशी या पत्राच्या ओघात एक विनंती. आणि काढून टाकलेली जुनी भिंगं गोदामात न ठेवता त्याच दीपगृहाच्या तळमजल्यावर मांडा.

रात्र हवी म्हणण्याला आणखी एक कारण आहे. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची पद्धत वेगळी असते. कुठं ठरावीक सेकंदांनी एक झोत, कुठं लागोपाठ दोन आणि मग काळोख. नावाड्यानं सेकंद मोजायचे, यादीत पाहायचं, आणि आपण कुठं आहोत हे ओळखायचं. मुलांच्या हातात एक घड्याळ देऊन अंधारात हे करायला लावा. नंतर गणित: डोळा समुद्रापासून जितके मीटर उंच, त्याच्या वर्गमुळाला 3.57 नं गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते साधारण कळतं. दिवा 50 मीटर उंच असेल तर 25 किलोमीटर. जहाजाच्या डेकवर 10 मीटर उंचीवर उभ्या असलेल्या खलाशाचं स्वतःचं क्षितिज 11 किलोमीटर. म्हणजे दोघांची गाठ 36 किलोमीटरवर पडते. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून पुस्तकात ‘जहाजाचं शीड आधी दिसतं’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. ज्या मुलांनी क्षितिजाला सातपुडाच पाहिला आहे, त्यांना त्या वाक्याचा अर्थ लागायला पाण्याकाठी एक संध्याकाळ आणि एक पहाट लागते.

आता मुक्कामाचं. मुंबई-पुण्याचा माणूस शनिवारी गाडी काढून अलिबागला जाऊ शकतो. दिवा लागलेला पाहून रात्री घरी परतू शकतो, किंवा समुद्राकाठच्या एखाद्या महागड्या हॉटेलात राहू शकतो. भुसावळहून मंगला एक्सप्रेसनं रत्नागिरीला जाणारा माणूस सहा-सातशे किलोमीटर ओलांडून येतो, आणि आयुष्यात बहुधा एकदाच येतो. दीपगृह बांधलं गेलं तेच मुळी लांबून, रात्रीच्या अंधारात येणाऱ्यासाठी. आणि आजच्या व्यवस्थेत नेमका लांबून येणाराच त्या दिव्यापर्यंत पोहोचत नाही. मला खटकतं ते हे.

जगात हे इतर ठिकाणी झालं आहे, आणि सरकारी खात्यांनीच केलं आहे. क्रोएशियाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथं किनाऱ्यावरचे दिवे सांभाळणारी प्लोवपुत ही सरकारी कंपनी आहे, म्हणजे आपल्या महासंचालनालयाचंच काम करणारी. तिनं आपल्या जुन्या दीपगृहांतल्या मोकळ्या खोल्या दुरुस्त करून मुक्कामाला द्यायला सुरुवात केली. पालाग्रूझा नावाच्या दूरच्या बेटावरचं त्यांचं दीपगृह 1875 चं, आपल्या प्राँग्जच्याच वयाचं. तिथं दिवा चालू आहे, रक्षक आहेत, आणि पाहुणेही राहतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पिजन पॉइंटचं दीपगृह 1872 चं. मनोऱ्याच्या वरच्या भागाचे तुकडे पडले, म्हणून 2001 मध्ये वर जाणं बंद झालं. तरी शेजारच्या, एकेकाळी तटरक्षक दलाच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या साध्या बैठ्या घरांमध्ये स्वस्त वसतिगृह चालू राहिलं. मनोऱ्यात पाऊल न ठेवताही माणसं तिथं राहायला जातात, कारण रात्र तिथं घालवता येते. ऑस्ट्रेलियात विल्सन्स प्रॉमन्टरीच्या 1859 च्या दीपगृहाशी तर चालतच जावं लागतं, दिवसभर जंगलातून, आणि रक्षकांच्या जुन्या दगडी घरांत मुक्काम करावा लागतो.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या रेल्वेच्या विश्रामखोल्या आहेत. आमच्या रावेर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत पाल इथं वनखात्याचं विश्रामगृह आहे. सरकारी खातं आपलं मुख्य काम सांभाळून चार खोल्या लोकांना देऊ शकतं, हे आपल्या देशात कुणाला नव्यानं पटवून द्यावं लागू नये.

कायदाही आता आडवा येत नाही. 1927 च्या दीपगृह कायद्याच्या जागी 2021 मध्ये सागरी नौकानयनाच्या साधनांचा नवा कायदा आला. त्यात वारसा दीपगृह जाहीर करण्याची आणि ती शिक्षण, संस्कृती व पर्यटनासाठी विकसित करण्याची तरतूद आहे. शिक्षण हा शब्द त्यात आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये आपण गोव्याच्या आग्वाद किल्ल्यावर पहिला दीपगृह महोत्सव भरवलात. 28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी 10 राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या 75 दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधा लोकार्पण केल्या. त्याआधी 78 दीपगृहं खासगी भागीदारीतून पर्यटनासाठी विकसित करण्याचा विचार आपल्या खात्यानं केला होता. म्हणजे आपलं लक्ष इकडं आहे, आणि त्याचा मला आनंद आहे.

पण खासगी भागीदारी हा शब्द वाचला की माझ्या मनात एक भीती येते, ती स्पष्टच लिहिते. पहिलं दार उघडेल ते रिसॉर्टला. लॉन, रोषणाई, लग्नसमारंभ, रात्रीचं भाडं एका शिक्षणसेवकाच्या पगाराएवढं. दीपगृहाच्या आवारात चमचमते दिवे लावणं म्हणजे तर त्या जागेचा अर्थच पुसून टाकणं. तिथं काळोख जपायला हवा. तो नसेल तर दिवा दिसणार कशावर? आणि मिळकतीची एवढी घाई आपल्याला का असावी? आपल्या बंदरांना येणाऱ्या जहाजांकडून दिव्यांसाठी शुल्क घेतलं जातं, त्यावर या दिव्यांची देखभाल चालत आली आहे. मुक्कामाच्या भाड्यातून झाडलोट, पाणी, वीज आणि स्थानिक बचत गटाच्या बायकांनी रांधलेलं जेवण एवढं निघालं की पुरे. मासळी-भात, आंबोळ्या, सोलकढी. आमच्या मुलांना तेही नवीनच आहे. आणि बचत गटाला कधी वांग्याचं भरीत करून घालायची तयारी आमच्याही बायकांची असेल.

सुरक्षेचा प्रश्न आपल्यासमोर पहिल्यांदा येणार, हे मला ठाऊक आहे. काही दीपगृहांवर तटरक्षक दलाची रडार यंत्रणा आहे. ती वगळा. ओळखपत्रं आठवडाभर आधी मागा. मोबाईल जमा करून घ्या, आमची हरकत नाही, उलट मुलं डोळ्यांनी पाहतील. भिंगाच्या खोलीत कुणी जायला नको असेल तर नको. खालच्या सज्जावर, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली दहा-दहा जण, पंधरा मिनिटं. तेही सगळीकडे रोज शक्य नसेल तर महिन्यातून दोन शनिवार. पावसाळ्यात तर नकोच. तेव्हा थळहून खांदेरीला होडीही जात नाही.

जिवाच्या सुरक्षेबद्दल मात्र मला थोडं अधिक बोलायचं आहे. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शाळांच्या सहलींचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण पुष्कळ शाळांनी त्यातून एवढाच धडा घेतला की समुद्राकडे जायचंच नाही. मुलं मोठी होतात, नोकरीला लागतात, मित्रांबरोबर गाडी करून किनाऱ्यावर जातात, आणि तेव्हा त्यांना सावध करणारं कुणीच बरोबर नसतं. ज्याच्या गावाला समुद्र नाही त्याला पाण्याची चाल कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, मुंबईला भरतीची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते, ओहोटीला उघडा पडलेला खडक दोन-तीन तासांत पाण्याखाली जातो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. प्राँग्जच्या दीपगृहाशी ओहोटीच्या वेळी चालत जाता येतं असं म्हणतात. भरती लागल्यावर तोच रस्ता समुद्र असतो. खान्देशातल्या पोराला हे एकदा, भिंतीच्या आत सुरक्षित उभं राहून, ज्याचा जन्म समुद्रावर गेला अशा माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं तर ते आयुष्यभर लक्षात राहील. संध्याकाळी एका खडकाकडे बोट दाखवायचं, साधारण सहा तासांनी, रात्री, त्याच खडकाकडे पुन्हा बघायला लावायचं. एवढ्यासाठी मुक्काम हवा. चार तासांच्या भेटीत भरतीही दिसते आणि ओहोटीही दिसते, असं होत नाही.

पर्यटन विकास महामंडळाला वेगळी विनंती आहे. कोकणात आपली निवासस्थानं आहेत, आरक्षणाची व्यवस्था आहे, अनुभव आहे. दीपगृहाच्या आवारातल्या खोल्या महासंचालनालयानं दिल्या, तर त्या चालवायला बाहेरच्या कंत्राटदाराच्या आधी आपण पुढे यावं. आरक्षण मराठीत, फोनवरही करता यावं. कारण आमच्या गावात संकेतस्थळ उघडेपर्यंत रेंज जाते. शाळांसाठी एक मोठी खोली, गाद्या खाली घालून झोपता येईल अशी, आमच्यासाठी पुरेशी आहे. पलंग नकोत, टीव्ही नको. दीपगृहाचा इतिहास, कधी बांधलं, भिंग कुठलं होतं, झोताची खूण कोणती, हे सगळं मराठीत लिहिलेला एक फलक मात्र हवा.

कुठून सुरुवात करावी, हे ठरवणं आपलं काम. माझ्या मनात मात्र आधी रत्नागिरी येतं. रेल्वे थेट जाते, दीपगृह जुनं आहे, किल्ला जवळ आहे. दुसरं गुहागरजवळ अंजनवेलचं टोळकेश्वर, जिथून वाशिष्ठीचं मुख दिसतं. नदी समुद्राला कशी मिळते हे तापीकाठच्या मुलांना दाखवायला तीच जागा योग्य. खांदेरी कठीण आहे. होडी, हवामान, पाणी, सगळंच कठीण. तरी वर्षातून काही रात्री, हिवाळ्यात, थळच्या कोळी बांधवांच्या होड्यांनी आणि त्यांच्याच देखरेखीत हे जमू शकेल, असं मला वाटतं. त्या बेटावरचा वेताळ त्यांचा आहे, पाणीही त्यांच्या ओळखीचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय तिथलं काही ठरवू नये.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेच्या सहलीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. त्यात मुक्कामाचं ठिकाण, तिथल्या जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि परवानगीचं पत्र जोडावं लागतं. यंदा त्या रकान्यात दीपगृहाचं नाव लिहायची माझी इच्छा आहे. आवार रिकामं असेल आणि खोल्या अजून तयार नसतील तर आम्ही सतरंज्या आणू, अंथरूण-पांघरूण आणू, स्वयंपाकाचं सामान आणू. एका रात्रीची, प्रायोगिक म्हणून, परवानगी द्या. चाळीस मुलं, पाच शिक्षक, दोन पालक. मुलांनी तिथं काय पाहिलं, काय मोजलं, किती सेकंदांनी झोत फिरला, याचा सविस्तर अहवाल मी स्वतः लिहून आपल्याला पाठवीन, आणि पुढच्या शाळेसाठी कोणत्या अडचणी दूर करायला हव्यात तेही त्यात असेल. उत्तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आलं तर एसटीची नोंदणी वेळेत करता येईल.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव